बाबांची फिश टेस्ट आणि धाकटीचं लग्न

पत्र थोडक्यात असं आहे:

"ताई, आम्ही डिचोली तालुक्यातले. बाबा ६८ वर्षांचे, मराठी प्राथमिक शाळेत मास्तर होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ब्लड टेस्ट केली तर पांढऱ्या पेशी ४६ हजार निघाल्या. पुढच्या तपासणीत सीएलएल नावाचा ब्लड कॅन्सर आहे असं कळलं. मग फिश टेस्ट मुंबईला पाठवली. रिपोर्टमध्ये १३क्यू१४ डिलीशन ६२ टक्के लिहिलंय, ११क्यू, १२ आणि १७पी नॉर्मल. डॉक्टर म्हणतात आता औषध नको, तीन महिन्यांनी या. नेटवर वाचलं की डिलीशनवाले ३२ महिने जगतात. आणि ६२ टक्के क्रोमोसोम गेले तर राहिलं काय? बाबांना काही त्रास नाही, रोज कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत जातात. धाकट्या बहिणीचं कुडाळच्या घरी जमत आलंय, त्यांच्या कानावर 'जेनेटिक' हा शब्द गेला आणि आता ते म्हणतात मुलीचीपण टेस्ट करून द्या. मामा म्हणतो डॉक्टर टाइमपास करतोय, दुसऱ्या लॅबमधून परत फिश करूया. मी काय करू? — मास्तरांची थोरली"

बाय, राग मानू नकोस पण पत्र वाचताना आधी मला हसूच आलं, कारण बाबांची फिश टेस्ट केली असं गोव्यात कुणाला सांगितलं तर समोरचा विचारणार कसली, बांगडा की इसवण. मुंबईत बावीस वर्षं मी सायटोजेनेटिक्सच्या, म्हणजे क्रोमोसोम तपासायच्या लॅबमध्ये होते, तेव्हा माझी आई शेजारणीला सांगायची की हिला फिश मोजायचा पगार मिळतो. तसं खोटं नव्हतं ते, अंधारात बसून मोजतच होते मी. आता फोंड्याला येऊन आठ वर्षं झाली पण अजून ठिपके स्वप्नात येतात. तर औषध काय द्यायचं हे तुमचे डॉक्टर बघतील, रिपोर्ट कसा वाचायचा तेवढं मी सांगते, ते मला येतं. फिश म्हणजे पेशीतल्या क्रोमोसोमवर, म्हणजे डीएनएच्या गुंडाळ्यांवर, चमकणारे ठिपके लावून बघायची टेस्ट. १३क्यू, १७पी हे क्रोमोसोमवरचे पत्ते, आकडा क्रोमोसोमचा नंबर, पी म्हणजे त्याची आखूड बाजू, क्यू म्हणजे लांब. आणि डिलीशन म्हणजे त्या पत्त्यावरचा तुकडा गळणं.

आधी ते ३२ महिने काढून टाकूया डोक्यातून, कारण मला वाटतं सगळ्या घराची झोप त्याच आकड्याने गेलीय. तो आकडा कुठून आला ते मला माहीत आहे. २००० साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी ३२५ सीएलएल पेशंट्सच्या फिश रिपोर्टचा अभ्यास छापला, तो इतका गाजला की आजही नेटवर कुठेही गेलीस तरी तोच तक्ता समोर येतो. त्या तक्त्यात ३२ महिने आहेत ते १७पी डिलीशनवाल्यांचे. तुझ्या बाबांना १७पी नाही, रिपोर्टमध्ये नॉर्मल लिहिलंय, तूच लिहिलंस. बाबांची ओळ तक्त्यात वेगळी आहे, फक्त १३क्यू डिलीशन, आणि तिथे आकडा आहे १३३ महिने, म्हणजे अकरा वर्षं. आणि गंमत बघ, ज्यांची फिश पूर्ण नॉर्मल आली होती त्यांचा आकडा होता १११. म्हणजे ज्यांचं काहीच सापडलं नाही त्यांच्यापेक्षा एकटं १३क्यू सापडलेले जास्त जगले. सीएलएलच्या निम्म्याहून जास्त पेशंट्समध्ये हे १३क्यू सापडतं, सगळ्यात कॉमन तेच, आणि एकटं असेल तर त्यातल्या त्यात बरं तेच. हा आकडापण मीडियन आहे, म्हणजे निम्मे लोक त्याच्याहून जास्त जगले, आणि ते सगळे जुन्या औषधांवरचे पेशंट. आताच्या गोळ्या तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हत्या. म्हणून त्या तक्त्यावरून बाबांचं कॅलेंडर मांडत बसू नकोस, ना ३२ ना १३३.

आता ६२ टक्के. हे समजायला आमच्या अंधाऱ्या खोलीत यावं लागेल.

रक्त लॅबमध्ये आलं की पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून काचेच्या स्लाइडवर पसरतात. मग त्यावर प्रोब टाकतात. प्रोब म्हणजे डीएनएचाच छोटा तुकडा, त्याला चमकणारा रंग लावलेला, आणि तो जाऊन आपल्या जोडीदार जागेलाच चिकटतो, दुसरीकडे चिकटत नाही. गरम करायचं, रात्रभर ठेवायचं, धुवायचं, आणि दुसऱ्या दिवशी खोलीतला दिवा बंद करून खास मायक्रोस्कोपखाली बघायचं. काळ्या आभाळात निळे गोळे दिसतात, प्रत्येक गोळा म्हणजे एका पेशीचा गाभा, आणि त्यात ठिपके. क्रोमोसोम जोडीने असतात, एक आईकडून एक वडिलांकडून, म्हणून लाल दोन हिरवे दोन असायला पाहिजेत. आमच्या किटमध्ये लाल ठिपका १३ नंबरच्या त्या जागेवर बसायचा आणि हिरवा त्याच क्रोमोसोमच्या शेंड्याला, रंग किटप्रमाणे बदलतात. आम्ही एकमेकींना ओरडून सांगायचो, टू आर टू जी, टू आर टू जी, वन आर टू जी, आणि शेजारची काउंटरचं बटण दाबायची. वन आर टू जी म्हणजे शेंडे दोन्ही जागेवर आहेत, म्हणजे क्रोमोसोम दोन्ही आहेत, पण एकाच्या मधला लाल तुकडा गेलाय. त्यालाच डिलीशन म्हणतात. एका क्रोमोसोमचा एक बारीक तुकडा, बस.

तुझ्या रिपोर्टमध्ये खाली बारीक अक्षरात कंसात १२४/२०० असं काहीतरी असेल बघ. २०० पेशी मोजल्या, त्यातल्या १२४ मध्ये लाल ठिपका एकच होता. १२४ म्हणजे ६२ टक्के. बाबांच्या अंगातले ६२ टक्के क्रोमोसोम गेले असा त्याचा अर्थ होतच नाही, आणि ही स्टेजपण नव्हे. आजार किती पसरला ते सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, गाठी, प्लीहा बघून ठरवतात. त्या ट्यूबमधल्या पांढऱ्या पेशींपैकी साधारण किती पेशींमध्ये हा बदल होता, एवढंच ते ६२ सांगतं. हा, टक्के खूप जास्त असले तर औषध थोडं लवकर लागतं असं काही अभ्यासांत दिसलंय, म्हणून डॉक्टर तो आकडा बघतात जरूर, पण ६२ आहे म्हणून ३० वाल्याच्या दुप्पट आजारी असं गणित नाही. आणि कुणाचा रिपोर्ट ३ टक्के वगैरे आला तर तो बहुतेक वेळा काहीच नसतो, कारण दोन ठिपके एकावर एक आले की चांगल्या पेशीतसुद्धा एकच दिसतो, म्हणून प्रत्येक लॅब निरोगी माणसांच्या पेशी मोजून आपली एक हद्द ठरवते आणि तिच्या खालचं धरत नाही. एकदा माझे ११ टक्के आले आणि माझ्या पार्टनरचे ४, एकाच स्लाइडवर! भांडण झालं आमचं. तिसरीने मोजलं, ५ आले. मी गुठळी झालेल्या भागातल्या पेशी मोजत बसले होते, चूक माझी होती. म्हणूनच दोघींनी अर्धं अर्धं, एकमेकींचं न बघता मोजायचं असा नियम असतो.

बरं, मास्तरांना हे कसं सांगशील? त्यांच्याच भाषेत सांग. समजा फळ्यावर कविता लिहिलीय. मागच्या बाकावरच्या एका पोराने उतरवून घेताना एक ओळ गाळली. मग त्याच्या वहीवरून दुसऱ्याने उतरवली, त्याच्यावरून तिसऱ्याने, आणि बघता बघता ढीगभर वह्यांत ती ओळ नाही. सीएलएल असंच आहे, बी-लिम्फोसाइट नावाच्या एका पांढऱ्या पेशीत कधीतरी तो तुकडा गळला आणि तिच्यापासून झालेल्या सगळ्या पेशी तशाच गळक्या निघाल्या. फिश म्हणजे मास्तरांनी २०० वह्या मागवून फक्त ती एक ओळ आहे का एवढंच तपासणं. १२४ मध्ये नव्हती.

पण फळ्यावर ओळ आहेच.

हेच तुला कुडाळच्या लोकांना सांगायचंय. फळा म्हणजे जो डीएनए बाबांना जन्माला येताना मिळाला आणि जो तुम्हा बहिणींना त्यांच्याकडून आला, तो. तुम्ही जन्मलात तेव्हा तो तुकडा त्यात होता आणि आहे. मराठीत घोळ असा झालाय की जेनेटिक म्हटलं की आपण आनुवंशिक म्हणतो, पण कॅन्सरच्या पेशीत झालेला जेनेटिक बदल हा त्या पेशीपुरता असतो, तो मुलांना जात नाही. धाकटीची फिश केली तर काय दिसणार? टू आर टू जी, टू आर टू जी, जवळजवळ दोनशे वेळा. पैसे पाण्यात. कुठलाही शहाणा हेमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे रक्ताच्या आजारांचा डॉक्टर, ती टेस्ट लिहून देणार नाही, आणि एखाद्या लॅबने पैसे घेऊन करून दिलीच तर तो कागद दाखवून काय सिद्ध होणार?

आता खरं ते सगळं सांगते, लपवत नाही. सीएलएलच्या पेशंटच्या सख्ख्या नातेवाइकांत हा आजार बाकी लोकांपेक्षा जास्त दिसतो, हे अभ्यासांत आलंय. पण मुळातच आपल्या देशात सीएलएल युरोप-अमेरिकेपेक्षा बराच कमी होतो, आणि बहुतेक करून पन्नाशीनंतर, म्हणून त्या "जास्त" चा अर्थ लग्नाच्या वयाच्या मुलीसाठी जवळजवळ काही नाही, आणि म्हणूनच घरातल्यांची आधीच टेस्ट करा असं कुणी सुचवत नाही. डायबेटीस याच्यापेक्षा कितीतरी जास्त घराण्यात फिरतो आणि डायबेटीसच्या घरात आपण मुली देतो, आणतो, वर चवथीला नेवऱ्यांचा डबा पाठवतो.

लग्नाचं म्हणशील तर माझं मत असं. आधी धाकटीला विचार. तिच्या लग्नाच्या गोष्टी तुम्ही सगळे पत्रात लिहिताय, मामा बोलतो, कुडाळवाले बोलतात, ती काय म्हणते ते तुझ्या पत्रात एका ओळीतही नाही. ती हो म्हणाली तर मुलाशी तिनेच बोलावं, बाबांना सीएलएल आहे, सध्या औषधाशिवाय नुसतं लक्ष ठेवलंय, आणि हा बदल मुलांना जाणारा नाही, एवढं तीन वाक्यांत. खोटं बोलू नका, उद्या कळलं तर आजारापेक्षा खोटं जड जातं. पण रिपोर्टची झेरॉक्स कुणाला देऊ नका, तो बाबांचा कागद आहे, व्हॉट्सअॅपवर फिरायला नाही. आणि त्यांना शंकाच असेल तर मुलाला बाबांच्या पुढच्या अपॉइंटमेंटला डॉक्टरांकडे घेऊन जा, बाबांची परवानगी घेऊन, दोन प्रश्न विचारू दे. एवढ्यावरही ते टेस्टच मागत राहिले तर... तू थोरली आहेस, तुला कळतं.

मग डॉक्टर औषध का देत नाहीत. मामाचा राग मला समजतो, कॅन्सर म्हटल्यावर उद्याच्या उद्या काहीतरी सुरू व्हायला पाहिजे असं कुणालाही वाटतं, नुसतं बसून राहायचं म्हणजे डॉक्टरला कळत नाही असं वाटतं. पण सीएलएलमध्ये हे बसून राहणं हीच रीत आहे, जगभर. लवकर औषध देऊन बघितलंय लोकांनी. १९९८ साली फ्रान्समधल्या मोठ्या ट्रायलचा निकाल आला, सुरुवातीच्या स्टेजला काहींना क्लोरॅम्ब्युसिलच्या गोळ्या दिल्या आणि काहींना दिल्या नाहीत, गोळ्या घेतलेले जास्त जगले नाहीत. नंतर इब्रुटिनिब या नव्या गोळीवरही तसंच करून बघितलं, तिथेही लवकर सुरू केल्याने आयुष्य वाढलं असं निघालं नाही, साइड इफेक्ट मात्र लवकर सुरू झाले. म्हणून थांबतात. नुसता पांढऱ्या पेशींचा आकडा मोठा आहे म्हणून औषध सुरू करत नाहीत, ४६ हजाराला नाही आणि कित्येकदा लाखालाही नाही.

कधी सुरू करतात ते विचार डॉक्टरांना, पण ढोबळमानाने सांगते. हिमोग्लोबिन १० च्या खाली जायला लागलं किंवा प्लेटलेट्स लाखाच्या खाली आणि त्याचं कारण सीएलएलच असेल, लिम्फोसाइट्स सहा महिन्यांच्या आत दुप्पट झाले, प्लीहा किंवा गाठी खूप मोठ्या झाल्या, सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांनी उतरलं, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम महिनाभर येत राहिला, इन्फेक्शन नसताना दोन आठवडे ताप, किंवा रोजची कामं होईनात इतका थकवा. यातलं बाबांना काही नाही असं तुझ्या पत्रावरून दिसतंय, कुळागरात जातात, सुपाऱ्या उतरवून घेतात. मग तीन महिन्यांनी या हा सल्ला बरोबरच आहे. काही लोकांना वर्षानुवर्षं औषध लागत नाही, काहींना कधीच लागत नाही.

तो १३क्यू१४ चा तुकडा जातो म्हणजे नक्की काय जातं, हे मास्तर विचारणार, मास्तर लोक विचारतातच. त्या जागेत दोन अगदी छोटे जीन आहेत, मायक्रो-आरएनए म्हणतात, २००२ मध्ये सापडलं की सीएलएलमध्ये तेच गळतात. त्यांचं काम बीसीएल-२ नावाच्या प्रोटीनला दाबून ठेवायचं. बीसीएल-२ पेशीला मरू देत नाही. म्हणजे दाबणारा गेला, बीसीएल-२ वाढलं, पेशी वेळेवर मरेना, आणि साठत गेली. सीएलएलच्या पेशी धडाधड वाढतात त्यापेक्षा मरायचं विसरतात, म्हणून हा आजार एवढा संथ. आणि व्हेनेटोक्लॅक्स नावाची गोळी आहे ती बरोबर याच बीसीएल-२ ला अडवते. ठिपक्यापासून गोळीपर्यंतचा हा रस्ता मला अजूनही भारी वाटतो, मी नोकरीला लागले तेव्हा आम्ही नुसते ठिपके मोजून कागद वर पाठवायचो.

१७पीचं घाबरवणारं प्रकरण वेगळं आहे, दोन ओळींत सांगते कारण हे पत्र वाचणाऱ्या कुणाच्या घरी तो रिपोर्ट असेलच. १७पीवर टीपी५३ नावाचा जीन आहे, बिघडलेल्या पेशीला थांबवणारा. तो गेला की जुनी किमोथेरपी नीट चालत नाही, म्हणून ते ३२ महिने. पण इब्रुटिनिबला अमेरिकेत २०१४ मध्ये सीएलएलसाठी मंजुरी मिळाली, आणि व्हेनेटोक्लॅक्सला २०१६ मध्ये पहिली मंजुरी मिळाली तीच १७पी डिलीशनवाल्यांसाठी, ही औषधं किमोच्या वाटेने जातच नाहीत. तेव्हा २००० सालचा आकडा त्यांनाही तसाच्या तसा लागू नाही. ब्लड कॅन्सरमध्ये डिलीशन हा शब्द दरवेळी वाईटच असतो असंही नाही, एमडीएस नावाच्या आजारात ५क्यू डिलीशन सापडलं तर डॉक्टरला बरं वाटतं, कारण त्याच्यावर लेनालिडोमाइड ही गोळी चांगली चालते, २००५ पासून ती त्यासाठी मंजूर आहे.

आता मामाची दुसरी फिश. नको. सेकंड ओपिनियन हवं तर जरूर घ्या, गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात दाखवा, मुंबईला टाटाला जायचं तर मांडवी एक्स्प्रेसची तिकिटं काढा आणि जा, पण आहे तोच रिपोर्ट, फ्लो सायटोमेट्रीचा, म्हणजे पेशींची ओळख पटवणाऱ्या टेस्टचा रिपोर्ट आणि जुने सीबीसी घेऊन जा. चांगली टेस्ट महिन्याभरात परत करून काही वेगळं कळत नाही. परत कधी करायची ते लिहून ठेव, मोठ्या अक्षरात: ज्या दिवशी डॉक्टर म्हणतील की आता औषध सुरू करूया, त्याच्या आधी. कारण हा आजार बदलतो, आज १३क्यू एकटं आहे, पाच-सात वर्षांनी त्यात १७पी येऊ शकतं, आणि आलं असेल तर औषध बदलतं. जुन्या रिपोर्टवर नवं औषध ठरवू देऊ नका.

आणि तेव्हा फिशसोबत अजून दोन टेस्ट विचारा, टीपी५३ म्युटेशन आणि आयजीएचव्ही. का ते सांगते. फिश फक्त जिथे प्रोब टाकला तिथेच बघते, बाकी वहीत काय आहे ते तिला दिसत नाही. आणि ओळ आहे का गाळलीय एवढंच कळतं, ओळीत शुद्धलेखनाची चूक असेल तर फिशच्या डोळ्याला ती ओळ धडधाकट दिसते. टीपी५३ मध्ये अशी एका अक्षराची चूक असेल तर १७पी नॉर्मल दिसूनही औषधाच्या बाबतीत तोच त्रास, म्हणून सिक्वेन्सिंग करून अक्षर अन् अक्षर वाचायला लागतं. आयजीएचव्ही म्हणजे या पेशींच्या अँटीबॉडी बनवणाऱ्या जीनची तपासणी, तिचं बरं आहे, तो निकाल आयुष्यात बदलत नाही, एकदा केली की झालं.

सॅम्पलबद्दल मात्र एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकदा आमच्याकडे दक्षिणेकडून एक बॉक्स आला, थर्मोकोलचा, वरून आडवीतिडवी टेप, उघडला तर आत फोडलेला बर्फ खच्चून भरलेला आणि मधोमध रक्ताची ट्यूब, तशीच, कागदसुद्धा गुंडाळला नव्हता. पाठवणाऱ्याने फॉर्मवर फिश वाचलं आणि कारवार-मडगावकडून मासळी पाठवतात तसं पॅक करून टाकलं, मला आजपर्यंत शंका आहे की बॉक्सपण मासळीचाच होता, वास येत होता! रक्त गोठून पेशी फुटल्या होत्या. स्लाइडवर निळे गोळे नाहीत, नुसता चिखल. त्या माणसाला परत बोलवून परत सुई. म्हणून पुढे कधी सॅम्पल बाहेरगावी जाणार असेल तर कलेक्शनवाल्या मुलाला विचारायला लाजू नका, हिरव्या झाकणाची हेपॅरिन ट्यूब घेतलीस ना, बर्फाला चिकटवून ठेवणार नाहीस ना, आणि शनिवारी संध्याकाळी काढून रविवारभर कुरिअरच्या ऑफिसात पडून राहणार नाही ना. सोमवार-मंगळवारी सकाळी काढलेलं बरं. सिक्वेन्सिंगसाठी जांभळ्या झाकणाची वेगळी ट्यूब घेतात, दोन्हींवर नाव आणि तारीख तिथल्या तिथे लिहून घ्या, घरी येऊन नव्हे. पैशाचं, सरकारी आरोग्य विम्याचं दीन दयाळ कार्ड असेल तर कुठली टेस्ट त्यात बसते ते हॉस्पिटलच्या काउंटरवर आधी विचारा, सुई टोचून झाल्यावर नको.

मोतीबिंदूचं ऑपरेशन कॅन्सल करू नका उगीच. डोळ्याच्या डॉक्टरांना सीएलएलचं सांगा आणि हेमॅटॉलॉजिस्टला ऑपरेशनचं, दोघांचं ठीक असेल तर करून टाका, मास्तरांना पेपर वाचता आला पाहिजे.

घरी काळजी घ्यायची ती तापाची. या लोकांच्या पांढऱ्या पेशी पुष्कळ असतात पण लढायला कामाच्या नसतात, म्हणून इन्फेक्शन लवकर धरतं. पावसात कुळागरातल्या पाण्यात अनवाणी उतरायचं बंद, गमबूट घेऊन द्या, लेप्टो काय असतो ते आपल्याकडे सांगायला नको. १००.४ च्या वर ताप गेला तर पॅरासिटामॉल देऊन उद्या बघू नाही, त्याच दिवशी डॉक्टर. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसीचं विचारून घ्या, जिवंत जंतूंच्या लसी मात्र यांना देत नाहीत, हे कुणी लस टोचायच्या आधी सांगायचं. आणि मामाने पपईच्या पानांचा रस की काय ते सुरू केलं असेलच, निदान डॉक्टरांना सांगा तरी काय चाललंय ते, पुढे गोळ्या सुरू झाल्या तर त्यांच्याशी काय भांडेल ते त्यांना बघता येईल.

एक दोनशे पानी वही आणून बाबांच्याच हातात दे. तारीख, पांढऱ्या पेशी, लिम्फोसाइट्स, हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स, वजन, असे रकाने त्यांना पट्टीने आखू दे, तीन महिन्यांनी नवीन सीबीसी आला की आकडे त्यांनीच लिहायचे. मागची एक-दोन जुनी ब्लड टेस्ट कुठल्या तरी पिशवीत सापडेल, वर्षभरापूर्वीची, दोन वर्षांपूर्वीची, तीही शोध आणि वर लिहायला लाव, तेव्हा पांढऱ्या पेशी किती होत्या ते कळलं की वेग कळेल, आणि डॉक्टरांना तोच हवा असतो. सापडली तर मला तेवढे आकडे पाठव.